विश्लेषण : इतिहासकार कोसंबी यांचे नाव जनुकशास्त्रातील सूत्राला कसे?

हरभरा, भात किंवा ज्वारीच्या वाणांवर संशोधन करणारा विद्यार्थी पिकाचा जनुकीय नकाशा तयार करायला बसला, की संगणकप्रणाली त्याच्यापुढे दोन नावे ठेवते : हाल्डेन आणि कोसंबी. यापैकी एका सूत्राने अंतर मोजायचे असते. बहुतेक जण मार्गदर्शकांनी सांगितले म्हणून ‘कोसंबी’ निवडतात आणि पुढच्या कामाला लागतात. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात इतिहासाचा विद्यार्थी त्याच वेळी प्राचीन भारतावरचे कोसंबी वाचत असतो. दोघांच्याही हे क्वचितच लक्षात येते, की माणूस एकच आहे. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहिलेले आणि पुण्यातच वारलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. पेशाने ते गणिताचे प्राध्यापक होते. इतिहास हा त्यांनी संख्याशास्त्राच्या वाटेने गाठलेला मुक्काम. ती वाट कशी होती आणि तिची किंमत त्यांना काय मोजावी लागली?

गोव्यातून हार्वर्डला कसे?

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातील कोसबेन गावचा. घरात त्यांना बाबा म्हणत आणि पुढे मित्रमंडळींतही हेच नाव चालले. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरलेले. हार्वर्ड विद्यापीठात ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम होते, त्यासाठी ते अमेरिकेला जात. १९१८ मध्ये त्यांनी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. मुलाचे शालेय शिक्षण मग केंब्रिजमध्ये, म्हणजे बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये झाले. मध्ये काही काळ भारतात येऊन ते १९२६ मध्ये पुन्हा तिकडे गेले आणि हार्वर्डमध्ये दाखल झाले.

हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कॉफ हे त्या काळचे अमेरिकेतले अग्रगण्य गणिती होते. या मुलाने फक्त गणितावर लक्ष द्यावे, असे त्यांचे मत. कोसंबी यांनी ते ऐकले नाही. गणिताबरोबर भाषा, इतिहास, जे दिसेल ते घेतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. मात्र पुढच्या संशोधनासाठी पाठ्यवृत्ती मिळाली नाही आणि ते परतले. कोसंबी यांच्याकडे पीएच.डी. कधीच नव्हती. अनेक विषयांत पाय ठेवण्याच्या सवयीची ही पहिली किंमत म्हणता येईल. शेवटची नव्हे.

बनारस, अलिगड आणि एक थट्टा

परतल्यावर दोन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी गणित आणि जर्मन शिकवले. १९३१ मध्ये नलिनी माडगावकर यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी आंद्रे व्हेल या तरुण फ्रेंच गणितीने त्यांना अलिगड मुस्लीम विद्यापीठात बोलावून घेतले. व्हेल यांच्या सांगण्यावरून कोसंबी यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात बुर्बाकी नावाच्या अज्ञात रशियन गणितीच्या एका प्रमेयाचा विस्तार केला होता. असा कोणी गणिती नव्हताच. पुढे व्हेल आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी बुर्बाकी याच टोपणनावाने आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहिली आणि ते नाव जगभर झाले. ते गणिताच्या नियतकालिकात पहिल्यांदा छापून आले ते मात्र उत्तर प्रदेशातल्या, तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या, एका अकादमीच्या पत्रिकेत आणि कोसंबी यांच्या सहीने.

थट्टा बाजूला ठेवली तरी त्या काळातले त्यांचे गणित भक्कम होते. काळाबरोबर बदलणाऱ्या एखाद्या व्यवस्थेची समीकरणे दिली असता तिचे मार्ग भूमितीच्या भाषेत कसे मांडायचे, यावर त्यांनी १९३३ मध्ये एका नामांकित जर्मन नियतकालिकात निबंध लिहिला. त्याच्या जोडीला एली कार्तां या श्रेष्ठ फ्रेंच भूमितिज्ञाने स्वतःचे टिपण छापले. नंतर चिनी गणिती चर्न यांनी त्यात भर घातली. तिघांच्या नावाने ओळखला जाणारा हा सिद्धान्त आजही वापरात आहे. एखादी व्यवस्था धक्का बसल्यावर पुन्हा मार्गावर येईल की भरकटेल, हे तपासायला भौतिकशास्त्रात आणि जीवशास्त्रातही तो घेतात.

संख्याशास्त्राकडे कसे वळले?

तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोसंबी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तिथे राहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. महाविद्यालयात गणित शिकवता शिकवता त्यांनी संख्याशास्त्र स्वतःच शिकून घेतले. त्यांची पद्धत अशी, की पुस्तकातली उदाहरणे सोडवत बसायचे नाही. हाताशी असलेला खरा प्रश्न घ्यायचा. मास्तरांच्या हाताशी काय असते? परीक्षेचे गुण. म्हणून पहिला अभ्यास विद्यार्थ्यांच्या गुणांचा झाला. त्यातून निघाले ते फारसे आनंददायक नव्हते. परीक्षा जे मोजल्याचा दावा करते, त्याचा आणि प्रत्यक्ष शिकवल्या-शिकलेल्या गोष्टींचा मेळ बसत नव्हता. आजच्या वाचकाला याचे आश्चर्य वाटणार नाही.

दुसरा प्रश्न त्यांनी निवडला तो नाण्यांचा.

नाण्यांच्या वजनातून काय कळते?

भारतातली सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. पत्रा कापून तुकडे करायचे, वजन जुळेपर्यंत कडा छाटायच्या आणि मग एका बाजूला सूर्यासारखी पाच चिन्हे ठोकायची. राजाचे नाव नाही, साल नाही. वजनाचे प्रमाण बत्तीस गुंजांचे, म्हणजे आजच्या हिशेबात साडेतीन ग्रॅमपेक्षा किंचित कमी. अशा नाण्यांपैकी आधीची कोणती, नंतरची कोणती, हे ठरवायला अभ्यासक चिन्हांचा अर्थ लावत बसत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघे.

कोसंबी यांनी चिन्हे बाजूला ठेवली आणि तराजू घेतला. त्यांचा मूळ विचार साधा होता. नाणे हातोहात फिरते तेव्हा दर वेळी त्याची किंचित झीज होते. एका नाण्याची किती, हे नशिबावर अवलंबून. एखादे दहा वर्षे मडक्यात पडून राहते, एखादे रोज बाजारात जाते. पण एकाच वेळी टाकसाळीतून बाहेर पडलेल्या शेकडो नाण्यांचा गट घेतला, तर दोन गोष्टी ठरलेल्या असतात. गटाचे सरासरी वजन काळानुसार कमी होत जाते. आणि नाण्यानाण्यांच्या वजनातला फरक, संख्याशास्त्रात ज्याला विचरण म्हणतात तो, वाढत जातो. म्हणजे एकटे नाणे काही सांगत नाही, पण गट सांगतो. तो किती फिरला आहे, हे त्याच्या सरासरीवरून आणि पसाऱ्यावरून वाचता येते.

हे नुसते गृहीत धरून चालणार नव्हते. ज्यांचे वय माहीत आहे अशा नाण्यांवर ते तपासायला हवे होते. अशी नाणी प्रत्येकाच्या खिशात होती. ब्रिटिश सरकारच्या नाण्यांवर साल छापलेले असे. कोसंबी यांनी चलनातली नाणी जमवली, सालवार लावली आणि प्रयोगशाळेतल्या तराजूवर एकेक करून तोलली. हजारो. जुन्या सालाचा गट हलका आणि जास्त विखुरलेला, नव्या सालाचा जड आणि एकसारखा, हे आकड्यांत दिसले. चलनाच्या झिजेवरचा हा निबंध १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला.

मग ते प्राचीन नाण्यांकडे वळले. तक्षशिलेच्या उत्खननात हजाराहून अधिक आहत नाण्यांचा एक साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची जवळपास नवी कोरी नाणीही होती, त्यामुळे साठा पुरला गेल्याचा काळ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस बांधता येत होता. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असत. काहींवर एकही नाही, काहींवर दोन-चार, काहींवर बरेच. कोसंबी यांनी मागच्या ठशांच्या संख्येनुसार गट पाडले आणि प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले. ठसे जसे वाढतात तसे वजन उतरत जाते, असे दिसले. याचा अर्थ मागचे ठसे टाकसाळीतले नव्हेत. नाणे चलनात असताना व्यापारी-सराफ अधूनमधून ते पारखून आपला ठसा मारत असले पाहिजेत. एका मोजमापातून दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेतली एक रीत उजेडात आली. व्यापाऱ्यांच्या संघटना इतक्या जाग्या असतील, तर समाज कसा असेल, हा पुढचा प्रश्न. कोसंबी इतिहासात शिरले ते इथून.

पद्धतीला मर्यादा होत्या. वजनावरून क्रम लागतो, नेमके साल मिळत नाही. वेगवेगळ्या प्रदेशांत नाणी वेगवेगळ्या वेगाने फिरतात. जमिनीत शतकानुशतके राहिलेली चांदी गंजते आणि साफ करताना आम्लाने आणखी वजन जाते; त्यामुळे संग्रहालयातली घासूनपुसून चकचकीत केलेली नाणी कोसंबी यांच्या कामाची राहत नसत. चिन्हांवरून त्यांनी स्वतः जी राजांची ओळख पटवली, ती सर्वांनी मान्य केली नाही. तरी साठ्याकडे एक लोकसंख्या म्हणून पाहायचे, ही दृष्टी नाणकशास्त्रात त्यांनीच आणली.

जनुकांमधले अंतर मोजायचे सूत्र काय?

याच वर्षांत जनुकशास्त्रातला निबंध लिहून झाला. तो अवघ्या चार पानांचा होता आणि लंडनहून निघणाऱ्या ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात आला. अंकावर साल १९४३ चे असले तरी तो प्रसिद्ध झाला १९४४ मध्ये.

प्रश्न असा. गुणसूत्रावर जनुके माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. पुढच्या पिढीकडे जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी ती या अदलाबदलीत ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणून संततीत किती टक्के ताटातूट झाली हे मोजून अंतराचा अंदाज करता येतो. पण दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर दुसरी पहिलीला पुसून टाकते आणि ताटातूट दिसतच नाही. म्हणजे मोजलेली टक्केवारी खऱ्या अंतरापेक्षा कमी भरते. किती कमी, हे गणिताने भरून काढावे लागते.

हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी सूत्र दिले. त्यात एक अदलाबदल दुसरीवर काहीही परिणाम करत नाही, असे धरले होते. प्रत्यक्षात बहुतेक सजीवांत एक अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही. जसजसे दूर जावे तसतसा हा अडसर विरतो. कोसंबी यांनी हे विरत जाणेच समीकरणात बसवले आणि हाताने सोडवता येईल असे सुटसुटीत सूत्र काढले.

फरक किती पडतो? समजा वीस टक्के संततीत ताटातूट दिसली. हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर येते सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन, कोसंबी यांच्या सूत्राने २१.२. ताटातूट पाच टक्केच असेल तर दोन्ही उत्तरे पाचच्या आसपास, फरक नगण्य. तीस टक्के असेल तर एकीकडे ४५.८ आणि दुसरीकडे ३४.७. नकाशावर खुणा विरळ असतील, तर चुकीच्या सूत्राने सगळा नकाशाच ताणला जातो आणि रोगप्रतिकारक जनुक जिथे आहे असे वाटते त्यापासून बरेच दूर निघते. त्या काळी नकाशांवर खुणा मोजक्याच असायच्या. आज त्या हजारोंनी असल्या तरी प्रणालीत सूत्र तेच आहे. आणखी एक योगायोग असा, की हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये इथेच वारले. संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसणारी ही दोन्ही नावे शेवटी भारतीय नागरिकांचीच.

जगाने उशिरा ओळखलेला निबंध कोणता?

१९४३ मध्ये कोसंबी यांनी भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत आणखी एक निबंध लिहिला. एकच आकडा नव्हे, तर एक आख्खा वक्र किंवा आकृती पुन्हा पुन्हा मोजली जाते, तेव्हा त्या गर्दीतून मोजके मूळ आकार कसे निवडायचे, की त्यांच्या बेरजेने जवळपास सगळे काही पुन्हा उभे करता येईल? हे तंत्र नंतर फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडले आणि त्यांच्याच नावाने रूढ झाले. साठच्या दशकात ते वाऱ्या-पाण्याच्या खळबळत्या प्रवाहांच्या अभ्यासात आले, पुढे हवामानशास्त्रात आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणांतही. आता अनेक लेखक या दोन नावांच्या आधी कोसंबी यांचे नाव लावतात. युद्धाच्या धामधुमीत भारतीय पत्रिकेत छापलेला निबंध युरोपात कोण वाचणार होते?

टीआयएफआरमध्ये काय घडले?

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी नव्याने स्थापन होत असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबी यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. ते पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत राहिले. गाडीतला वेळ वाचनात जाई. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या पाठ्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गणनयंत्रांचा अभ्यास करायला गेले. शिकागो विद्यापीठात भूमितीचे अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवले आणि प्रिन्स्टनच्या प्रगत अभ्यास संस्थेतही राहिले.

पुढच्या दहा वर्षांतले त्यांचे काम पाहिले तर एका माणसाचे वाटत नाही. भारतातल्या जन्मदर आणि मृत्युदरात ऋतूनुसार होणारे चढउतार, पत्ते पिसल्याने ते खरोखर मिसळतात का याची तपासणी, भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून केलेली संपादित आवृत्ती, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर अश्मयुगीन हत्यारांचा शोध, जागतिक शांतता चळवळ आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे ते गाजलेले पुस्तक. दरम्यान भाभा यांच्याशी अंतर वाढत गेले. भाभा अणुऊर्जेचे शिल्पकार, तर भारतासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे, अणुवीज परवडणारी नाही, असे कोसंबी जाहीरपणे मांडत होते.

त्यात रीमान प्रकरण आले. अविभाज्य संख्या कशा विखुरलेल्या आहेत, याबद्दलचे रीमान यांचे अनुमान १८५९ चे. ते सिद्ध करणे हे गणितातले सर्वांत मोठे आव्हान मानतात आणि ते आजही उभे आहे. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबी यांनी संभाव्यतेच्या मार्गाने ते सिद्ध केल्याचा दावा केला. निबंध प्रसिद्ध केला कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय पत्रिकेत. तिथे संख्याशास्त्राचे संपादक होते, अविभाज्य संख्यांचे तज्ज्ञ नव्हते.

आक्षेप मूलभूत होता. संभाव्यता सांगते ती यादृच्छिकपणे उचललेल्या जवळपास सर्व मालिकांबद्दल. अविभाज्य संख्यांची मालिका तर एकच आहे आणि ती ठरलेली आहे. ती त्या ‘जवळपास सर्व’मध्येच मोडते, अपवादात नाही, हे संभाव्यता सांगू शकत नाही. नाण्यांच्या बाबतीत जो विचार इतका चपखल बसला होता, की एकट्याला सोडा आणि गटाकडे पाहा, तोच इथे तोकडा पडला. इथे गट नव्हताच. कोसंबी यांनी मात्र दावा सोडला नाही. इतक्या कसलेल्या गणितीने या जागी हट्ट धरावा, याचे कोडे त्यांच्या चाहत्यांनाही उलगडत नाही.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. फसलेली सिद्धता, अणुऊर्जेला विरोध, इतिहासात जाणारा वेळ, अशी कारणे वेगवेगळे चरित्रकार वेगवेगळ्या क्रमाने देतात. एवढे खरे, की सिद्धतेमुळे गणितज्ञांमध्ये त्यांच्या बाजूने बोलणारे फार कोणी उरले नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

नोकरी गेल्यावर त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने गणिताचे काही निबंध लिहिले. अविभाज्य संख्यांचा नाद त्यातही होताच. तरुणपणी बुर्बाकीच्या थट्टेत खोटे नाव वापरले होते, आता ते गरजेपोटी. १९६४ मध्ये त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेत ते काम करू लागले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक १९६५ चे. २९ जून १९६६ रोजी पुण्यात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते ५८.

जन्मशताब्दीनंतर, २००८ मध्ये, त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले आणि गोवा सरकारने पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू केला. तिथे येणाऱ्या श्रोत्यांना ते मुख्यतः इतिहासकार म्हणून ठाऊक असतात. गणित आणि संख्याशास्त्रातले त्यांचे निवडक निबंध एका खंडात एकत्र यायला मात्र २०१६ साल उजाडले. राम रामस्वामी यांनी संपादित केलेल्या त्या खंडात नाण्यांच्या झिजेचा हिशेब आणि जनुकीय अंतराची ती चार पाने एकाच पुस्तकात वाचायला मिळतात.